गाडीची किल्ली हरवली तर



घरात किल्ली सापडेनाशी झाली की पहिला प्रश्न बाईला विचारला जातो. गाडी चालवली यांनी, लावली यांनी, किल्ली खिशात टाकली यांनी, पण हाक मात्र स्वयंपाकघराच्या दिशेने येते, "अगं, गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?" सगळ्या घरांत हे असंच चालतं, याची मी आमच्या स्वाध्याय मंडळातल्या बायकांकडून खात्री करून घेतली आहे. आणि गंमत अशी, की आपण उत्तरही देतो. "टीव्हीवर बघा, नाहीतर कालच्या पँटच्या खिशात." बहुतेक वेळा तिथेच असते.

माझ्या आजेसासूबाईंच्या कमरेला चांदीचा छल्ला असायचा. त्याला कोठीची, कपाटाची, ट्रंकेची अशा चार-पाच किल्ल्या. त्या बाईंनी जन्मात किल्ली हरवली नाही, कारण किल्ली कुठे ठेवायचीच नव्हती. ती अंगावरच होती. गाडीच्या किल्लीला असं हक्काचं ठिकाण नाही. साडीला खिसा नाही. ड्रेसला असला तर तो नावाला. पर्स देवळात नेत नाही, चामड्याची असली तर नाहीच नाही. पुरुषांचं तर आणखी अवघड. अभिषेकाला बसायचं म्हणजे पँट-शर्ट काढून धोतर-दुपट्टा नेसायचा, आणि खिशातलं सगळं खुंटीवर टांगलेल्या पँटबरोबर मागे राहणार. बाकीच्या लोकांच्या किल्ल्या बाजारात, हॉटेलात हरवत असतील. आपल्या बहुतेक बस्तीच्या आवारात हरवतात, असं माझं निरीक्षण आहे.

तर हरवली की काय करायचं?

आधी जागच्या जागी उभं राहायचं आणि नऊ वेळा णमोकार म्हणायचा. नऊ णमोकार म्हणजे सत्तावीस श्वासोच्छ्वास, कायोत्सर्गाचं आपलं नेहमीचं माप. दोन-तीन मिनिटं लागतात. हे किल्ली सापडावी म्हणून सांगत नाही. वीतरागी भगवंतांना आपल्या किल्लीचं काय करायचंय? कुणी सांगतं, पद्मावतीला बोला, नारळ कबूल करा. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी करावं, मला ते पटत नाही. णमोकार हा हात थरथरायचे थांबावेत म्हणून. घाबरलेल्या माणसाला समोरची वस्तू दिसत नाही. तीच पर्स चार वेळा उलटी करतो आणि पाचव्या वेळी तिच्यातच किल्ली सापडते, हे तुम्हीही केलं असेल. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक, आवडती वस्तू दुरावली की तिच्याच मागे मन घिरट्या घालत राहणं. स्वाध्यायाला हे वाचताना आपल्याला मोठमोठे वियोग आठवतात. प्रत्यक्षात बोटभर किल्लीसुद्धा माणसाला दिवसभर आर्तध्यानात बसवते.

मग शोधायचं, पण उलट्या बाजूने. "कुठे हरवली असेल?" असं विचारून काही निघत नाही. "नक्की हातात होती, अशी शेवटची वेळ कोणती?" हे विचारायचं. 'बहुतेक होती' धरायचं नाही. दरवाजा बंद केला तेव्हा गाडीने आवाज दिला ना? मग त्या क्षणी होती. तिथून पुढे कुठे वाकलो, कुठे बसलो, कुठे पैसे काढले, चप्पल कुठे सोडली, हात कुठे धुतले, अशा क्रमाने जायचं. गाडीच्या आसपास आधी बघा. डिकीच्या कुलपाला लटकलेली असते. सीट आणि मधल्या कप्प्याच्या फटीत पडलेली असते. तिथे हात जात नाही, मोबाईलचा दिवा लावून बघावं लागतं. भाजीच्या पिशवीत असते. आमच्या ओळखीच्या एका घरात ती कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फ्रीजमध्ये सापडली होती. त्या घरची गोष्ट पुढे सांगते.

हल्लीच्या बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं एक वेगळंच आहे. किल्ली पर्समध्ये असली तरी चालतं, म्हणून सोय. पण यांनी तुम्हाला दारात सोडलं, गाडी चालूच होती आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये राहिली, तर गाडी तशीच पुढे निघून जाते. किल्ली नाही असा इशारा देते, पण चालती गाडी मध्येच बंद पडत नाही. ती बंद पडते यांनी पेट्रोल पंपावर बंद केल्यावर. मग पुन्हा सुरू होत नाही. तेव्हा किल्ली हरवली असं वाटलं, की आधी एकमेकांना फोन करून पर्सा तपासा.

दुसरं, अशा किल्लीतली चपटी गोल बॅटरी संपली की गाडी उघडत नाही आणि लोक घाबरून गॅरेजला फोन करतात. त्या किल्लीच्या पोटात बहुतेक वेळा एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूची छोटी कळ दाबून ती ओढून काढायची, तिने दार उघडायचं. बऱ्याच गाड्यांत मग ती किल्ली सुरू करायच्या बटणाला टेकवून धरली की गाडी सुरू होते. तुमच्या गाडीत नेमकं कसं आहे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. एकदा दुपारी निवांत बसून करून बघा. मी यांच्याकडून न शिकता स्वतः करून बघितलं, म्हणून लक्षात राहिलं.

एका प्रसंगात मात्र णमोकार, शोधाशोध, किल्लीवाला, काही काही करत बसू नका. मूल आत आणि किल्लीही आत, अशी गाडी बंद झाली तर. उन्हात बंद गाडी फार झपाट्याने तापते आणि लहान मुलाला ते मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधतं. ११२ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दार उघडत नसेल तर काच फोडा. मूल बसलंय त्याच्यापासून लांबची बाजूची काच निवडा आणि मधोमध न मारता कोपऱ्यात, काठाजवळ, जड टोकदार वस्तूने मारा. बाजूच्या काचेचा सहसा बारीक चुरा होतो. पुढची मोठी काच फोडायच्या भरीस पडू नका. ती दोन काचा मध्ये थर घालून चिकटवलेली असते. तडकते पण वाट देत नाही. नवीन काच मिळते, एवढं एकमेकींना सांगून ठेवा, कारण त्या वेळी "यांना विचारू का?" असं मनात येतंच.

आता आमच्या घरची गोष्ट.

मागच्या मार्गशीर्षात आम्ही सगळे आमच्या भागातल्या एका क्षेत्रावर गेलो होतो. सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांचा लेक. गाडी भाऊजींनी चालवली. सकाळी नऊला पोचलो. भाऊजींनी धूतवस्त्रं नेसली, अभिषेक केला, पूजा झाली, दुपारचं जेवण भोजनशाळेत झालं. चारला निघायचं ठरलं आणि किल्ली नाही. त्याच कडीत घराच्या लॅचची किल्ली. डिकीत अक्कांचा डबा आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. अक्कांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. संध्याकाळची गोळी त्या जेवणाबरोबर, म्हणजे सहाच्या आत घेतात. गाडीच्या काचेतून तो डबा आम्हाला दिसतसुद्धा होता.

कपडे बदलायच्या खोलीपाशी एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा बसतो. धोतर-दुपट्ट्याचे जोड देतो, परत आले की मोजून धुवायला टाकतो. जाऊबाई म्हणाल्या, "त्याच्याशिवाय तिथं होतंच कोण?" एवढं वाक्य पुरलं. भाऊजी तिकडे निघाले, त्यांच्या मागे आणखी दोन-तीन जण, ज्यांचा या किल्लीशी काही संबंध नव्हता. एक म्हणाला, हल्ली कुणाचा भरवसा नाही. भाऊजींनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात त्या पोराने आपणहून दोन्ही खिसे उलटे करून बाकावर ठेवले. एक कंगवा, वीस-वीसच्या दोन नोटा, बसचा पास. बिचाऱ्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. असे खिसे उलटे करायची त्याला सवय असावी, हे बघूनच मला कसंसं झालं.

अक्का हळूहळू चालत आल्या. गुडघे दुखतात त्यांचे. आधी त्याला म्हणाल्या, "बाळ, उचल ते. खिशात घाल." मग भाऊजींकडे वळून, "तू पाहिलंस का त्याला घेताना?"

"नाही, पण अक्का..."

"मग 'दिसली का' म्हणून विचार. 'घेतलीस का' हे तोंडातून काढू नको."

भाऊजींनी विचारलं, "किल्ली दिसली का रे कुठे?" पोरगा म्हणाला, "नाही दिसली, पण बघतो." आणि तो आमच्याबरोबर शोधायला लागला. धोतरांच्या गाठोड्यातलं एकेक धोतर त्याने झटकून बघितलं.

मग अक्का बाकावर बसल्या आणि त्यांनी शेवटची नक्की वेळ कोणती ते भाऊजींना विचारलं. मी वर लिहिलं ते त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे. नऊ वाजता, गाडी बंद केली तेव्हा. त्यानंतर चार वाजेपर्यंत भाऊजींनी खिशाला हात लावलेला नव्हता. म्हणजे सात तास. त्यातले अडीच तास पँट खुंटीवर होती. तिथे तशाच काळ्या पँटी आणखी पाच-सहा जणांच्या. उरलेल्या वेळात भाऊजी स्वतः डोंगर चढून उतरले, पारावर पोराला घेऊन झोपले, ओढ्यावर हात-पाय धुतले. सात तासांतल्या कुठल्याही मिनिटाला ती पडू शकत होती. पण आपल्या डोळ्यांपुढे आला तो फक्त तो पोरगा, कारण तो गरीब होता आणि समोर होता.

आपल्या घरांतही हेच होतं, म्हणून हे लिहायला घेतलं. काहीही हरवलं, की कामाच्या मावशी आज किती वाजता आल्या होत्या हे आपल्याला आधी आठवतं. वर फ्रीजमधल्या किल्लीचं म्हणाले ना, त्या घरात मावशींना कुणी "चोरलीस" म्हटलं नव्हतं. "तुम्ही झाडताना कुठे उचलून ठेवलीत का? नीट आठवा," असं तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी घरातल्या पुरुषाने विचारलं. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर निवडायला घेतल्यावर किल्ली सापडली. मावशी आल्या नाहीत त्या आल्याच नाहीत. अकरा वर्षांचं काम सोडलं. ती बाई मला म्हणाली, "मी तर नुसतं विचारलं." मला वाटतं, प्रश्न एकदा सगळ्यांना मिळून विचारावा, नवऱ्याला आणि मुलांनाही त्याच सुरात. एकट्या मावशींना तीन वेळा विचारलं तर शब्द कितीही गोड असोत, अर्थ पोचतो.

अचौर्याणुव्रताबद्दल समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात फार बारीक विचार केला आहे. दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तू, ती त्याने दिल्याशिवाय स्वतः घ्यायची नाही आणि उचलून तिसऱ्यालाही द्यायची नाही. आम्ही हे मंडळात वाचलं तेव्हा एकीने विचारलं, मग रस्त्यात किल्ली पडलेली दिसली तर उचलायचीच नाही का? बराच वाद झाला. माझं मत असं झालं, की उचलावी, कारण तिच्यावरून गाडी गेली तर ती कुणाच्याच कामाची राहणार नाही. पण लांब नेऊ नये. जिथे पडली तिथल्याच कठड्यावर किंवा झाडाच्या फांदीला, डोळ्यांच्या उंचीवर दिसेल अशी अडकवावी आणि जवळच्या रखवालदाराला किंवा दुकानदाराला सांगून जावं. आपण घरी नेली, "मालक सापडला की देऊ" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली, की तो बिचारा जिथे शोधत येणार तिथे ती नसते. आणि चावीचं बटण दाबून कुठली गाडी बोलते ते बघत फिरणं तर अजिबात नको. लोक काय समजतील!

त्या दिवशी पुढे काय झालं, तर अक्कांनी साडेपाचला भोजनशाळेत आमटी-भात खाल्ला. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो यांच्या मोबाईलमध्ये होता, म्हणून गावातल्या औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तेव्हापासून गोळ्या डिकीत ठेवणं बंद, अक्कांच्या हातातल्या कापडी पिशवीतच. गाडीची दुसरी किल्ली सांगलीला घरी होती, तीस-पस्तीस किलोमीटरवर. घरी पुतण्या होता. तो मोटरसायकलवर घेऊन येईल, तासाभराचं काम, असं वाटलं. मग कळलं, की ती किल्ली अक्कांच्या लोखंडी कपाटात, आतल्या खणात, नीट कुलपात ठेवलेली आहे. आणि कपाटाची किल्ली अक्कांच्या कमरेला. जाऊबाईंना त्या सगळ्या संतापातही हसू फुटलं. मग सांगलीकडे निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीत भाऊजी ती कपाटाची किल्ली घेऊन गेले आणि पुतण्याबरोबर मोटरसायकलवर रात्री साडेआठला परत आले. तोवर अक्कांची एक सामायिक झाली आणि माझा पुतण्या दगडांशी खेळून दमून झोपला.

घरी आल्यावर रात्री लॅच तसंच होतं, म्हणून आतून कडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅच बदललं. गाडी आणि घर यांच्या किल्ल्या एका कडीत ठेवू नका, हे मी आता प्रत्येकीला सांगते. गाडीत आरसी आणि विम्याचे कागद असतात, त्यांवर पत्ता असतो. किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याला गाडी, घर आणि पत्ता तिन्ही एकदम कशाला द्यायचं? कडीला नाव, पत्ता, गाडीचा नंबर काहीही लावायचं नाही. फक्त एक मोबाईल नंबर, तोही घरात असणाऱ्याचा, म्हणजे सापडणाऱ्याला फोन करता येतो. चामड्याची कडी शोरूमवाले देतात, ती अक्कांनी गाडी आली त्याच दिवशी काढून टाकली होती. आणि भगवंतांचं चित्र असलेली कडीही घेऊ नये असं मला वाटतं. ती पँटच्या मागच्या खिशात जाते, कुठेही टेकते, अविनय होतो.

पोलिसांत नोंद करा. चोरी झाली नसली तरी करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते आणि तिची प्रत मिळते. ही तक्रार कुणाविरुद्ध नसते, तेव्हा "संशय कुणावर?" वगैरे काही डोक्यात आणायची गरज नाही. ती प्रत दोन ठिकाणी लागते. एक, शोरूममध्ये नवीन किल्ली मागताना आरसी आणि मालकाच्या ओळखपत्राबरोबर. दोन, विम्यासाठी. हे दुसरं बायकांना सहसा माहीत नसतं. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ किल्ल्या मागते. तेव्हा एकच किल्ली पुढे केली आणि दुसरी कधी हरवली याचा कागद नसला, तर फार त्रास होतो. म्हणून किल्ली हरवल्याचं विमा कंपनीलाही लगेच लिहून कळवायचं. किल्ली बदलण्याचा खर्च देणारी एक जादा पुरवणी विम्यात घेता येते. आमच्यात ती नव्हती, म्हणून साडेनऊ हजार खिशातून गेले. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला एवढं एकच विचारून बघा.

साडेनऊ हजार एका किल्लीला, हे ऐकून अक्का म्हणाल्या, एवढ्यात पूर्वी कपाट यायचं. पण हल्लीच्या किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. गाडी तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. तशीच दिसणारी किल्ली घासून आणली तर दार उघडेल, गाडी हलणार नाही. नवीन किल्लीची ओळख गाडीला करून द्यावी लागते आणि त्याच वेळी हरवलेल्या किल्लीची ओळख पुसून टाकायला सांगायचं. हे आपणहून सांगायचं, कारण न सांगता ते होईलच असं नाही. त्यासाठी घरातली उरलेली किल्लीही बरोबर न्यावी लागते. पुसल्यावरही जुन्या किल्लीच्या धातूच्या पात्याने दार उघडू शकतं, म्हणून गाडीत मौल्यवान काही ठेवायचं नाही. चिप नसलेली जुनी गाडी असेल तर कुलपंच बदलून घेतलेली बरी.

गाडी नवी घेताना किल्ल्यांबरोबर बऱ्याचदा एक छोटा बिल्ला येतो, त्यावर नंबर कोरलेला असतो. आपण तो डब्यात टाकून विसरतो. त्या नंबरावरून किल्ली कापून मिळते, म्हणून तो गाडीत ठेवायचा नाही, घरी कागदपत्रांच्या फायलीत ठेवायचा. आणि रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडे जायची वेळ आली, तर जो आरसी दाखवा म्हणेल त्याच्याकडूनच करून घ्या. न विचारता कुणाचीही किल्ली करून देणारा उद्या तुमच्या गाडीचीही दुसऱ्याला करून देईल.

चैत्रात महावीर जयंतीनंतर आम्ही पुन्हा त्याच क्षेत्रावर गेलो. तो पोरगा तिथेच होता. अक्कांना बघून पुढे आला आणि म्हणाला, "सापडली का हो किल्ली?" अक्का म्हणाल्या, "नाही रे." तो म्हणाला, "मी धोतरं धुवायला देताना रोज बघत होतो, महिनाभर बघितलं." अक्कांनी त्याला जवळचे लाडू दिले. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. जाऊबाईंच्या मनातली शंका गेली की नाही, ते मी विचारलेलं नाही. किल्ली आजतागायत सापडलेली नाही, त्यामुळे त्या पोराने ती घेतली नव्हती असा पुरावा आमच्याकडे कधीच येणार नाही. अक्कांना तो लागलाही नव्हता.

मुनिमहाराज पिंछीने जागा परिमार्जन करून, बघूनच वस्तू उचलतात आणि बघूनच ठेवतात. त्याला आदाननिक्षेपण समिती म्हणतात. ती जीवरक्षणासाठी आहे, आपल्या किल्ल्या सापडाव्यात म्हणून नाही; मंडळात एकीने तसा विनोद केला तेव्हा मला तो आवडला नव्हता. पण बघून ठेवायची सवय आमच्या घरात त्यानंतर खरंच लागली. दाराशी भिंतीवर एक पितळी खुंटी ठोकली आहे, डोळ्यांच्या उंचीवर. आत येणाऱ्याने चप्पल काढायच्या आधी किल्ली तिथे अडकवायची. देवळात जाताना पुरुषांनी किल्ली पँटच्या खिशात न ठेवता बाईकडे द्यायची आणि बाईने ती पदराच्या टोकाला बांधून कमरेला खोचायची, असं मी ठरवून टाकलं. हे म्हणाले, "म्हणजे पुन्हा आजीचा छल्लाच." असू दे.

गाडीची नवी जोडकिल्ली आता मिरजेला नणंदेकडे असते, तिची आमच्याकडे. राहता राहिलं अक्कांचं कपाट. परवा मी त्यांना विचारलं, "अक्का, कपाटाचीही दुसरी किल्ली असेल ना कुठेतरी?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "कपाटात."